वंशवृद्धीचा बंदोबस्त

जो कीटक स्वयंपाकघराच्या ओट्यावर दिसताच घरातील प्रत्येकाचा हात चपलेकडे जातो, त्याच्याच एका परदेशी जातीचे संगोपन, उबेची आणि अन्नपाण्याची रीतसर तरतूद करून, एखाद्या सुविद्य कुटुंबात वर्षानुवर्षे चालू असावे, ही गोष्ट आपल्याकडील वाचकाला प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. परंतु अमेरिकेत आणि युरोपात सरडे, गेको, बेडूक असे कीटकभक्षी प्राणी हौसेने पाळणारी जी असंख्य घरे आहेत, त्यांच्यापुढे जिवंत आहार नित्य कोठून आणावा हा प्रश्न उभा असतो, आणि त्या प्रश्नाचे एक मान्य उत्तर म्हणजे 'डुबिया' या नावाने ओळखले जाणारे दक्षिण अमेरिकेतील झुरळ. शास्त्रात याला ब्लाप्टिका डुबिया म्हणतात. प्रौढ किडा दीड-पावणेदोन इंच लांब. नराला पूर्ण पंख, मादीला नुसते खुंट. गुळगुळीत भिंतीवर चढण्याची ताकद नाही, उडण्याची म्हणण्यासारखी शक्ती नाही, आणि उष्णतेवाचून प्रजोत्पादन नाही. घरात उपद्रव देणाऱ्या झुरळांचे जे गुण आपण शापासारखे मोजतो, ते याच्या अंगी जवळजवळ नाहीत, आणि म्हणूनच त्याला घरात आश्रय मिळाला.

माझ्या मुलाचे बिऱ्हाड ओहायो राज्यातील कोलंबस शहरी आहे. नातवाने बिअर्डेड ड्रॅगन जातीचे दोन सरडे पाळले असून, त्यांच्यासाठी तळघरातील एका कपाटात डुबियांची वसाहत नांदते. तिचा सगळा कारभार सूनबाईंकडे आहे. त्या शिक्षणाने संख्याशास्त्रज्ञ, पण या डब्याच्या बाबतीत त्यांचे मन आकड्यांपेक्षा जिवांकडे अधिक झुकते. त्यांचे मामा मराठवाड्यात रेशीम खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थ. तुतीच्या पाल्यावर किड्यांचे लक्षावधी जीव वाढवण्यात आणि वेळेवर कोश उतरवण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. ते हिवाळ्यात पाहुणे म्हणून आले, वसाहत पाहिली, आणि तेथून पुढे कित्येक संध्याकाळी या दोघांत जो वाद चालला तो मी बाजूस बसून ऐकला. किड्यांचा वंश किती वेगाने वाढू द्यावा आणि तो वेग कोणत्या उपायाने आवरावा, एवढाच वादाचा विषय. पण दोन्ही बाजू इतक्या तळमळीने मांडल्या गेल्या, की त्या लिहून ठेवाव्यात असे मला वाटले.

वादाचे कारण असे, की वसाहत भरून वाहू लागली होती. पुठ्ठ्याचे अंड्यांचे ट्रे उभे लावलेल्या त्या टबात हात घालावा तेथे किडे होते, आणि दोन्ही सरडे वयाने प्रौढ झाल्यामुळे त्यांचा कीटकाहार पूर्वीच्या मानाने पुष्कळच उतरला होता. हा सरडा लहान असताना मुख्यतः किड्यांवर वाढतो. मोठा झाला की पालेभाज्यांकडे वळतो, आणि आठवड्यातून तीन-चार वेळा दिलेले थोडे किडे त्याला पुरे होतात. खाणारे कमी झाले, प्रसवणाऱ्या मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या.

सूनबाई : माझा शिरस्ता साधा आहे, मामा. टबाच्या एका अंगाला उष्णतेची चटई लावलेली आहे आणि ती थर्मोस्टॅटच्या हुकमतीत चालते. पिल्ले कमी पडू लागली की मी तापमान बत्तीस अंशांपर्यंत चढवते, आणि फार झाली की चोवीस-पंचविसांवर उतरवते. ऊब कमी झाली म्हणजे मादीच्या पोटातील गर्भ सावकाश वाढतो, पिल्लेही सावकाश मोठी होतात, आणि विसाच्या खाली तर प्रजोत्पादन जवळजवळ थांबतेच. कोणाला मारावे लागत नाही, कोणाला उपाशी ठेवावे लागत नाही. सगळ्या वसाहतीचे घड्याळच हळू चालवायचे. यापेक्षा सौम्य उपाय कोणता?

मामा : उपाय सौम्य आहे, पण तो लागू कधी पडतो, याचा विचार तू केलेला दिसत नाहीस. तू आज टब पाहतेस, पिल्ले अति झाली म्हणतेस आणि थर्मोस्टॅट फिरवतेस. पण तुला जी मध्यम आकाराची पिल्ले आज दिसतात ती दोन-तीन महिन्यांपूर्वी जन्मलेली आहेत, आणि त्यांच्या आया त्याही आधी दोन महिने गाभण होत्या. म्हणजे तुझ्या डोळ्यांपुढचा आकडा हा पाच महिन्यांपूर्वीच्या कारभाराचा ताळेबंद आहे. त्याच्यावरून तू जो हुकूम आज काढतेस, त्याचा पुरा परिणाम तुला उन्हाळ्याच्या तोंडावर दिसेल. तोवर तुझी गरज बदललेली असेल, तू उलट हुकूम काढशील, आणि त्याचाही परिणाम भलत्याच वेळी येऊन पोचेल. अशाने टंचाई आणि महापूर यांच्यामध्ये तुझी वसाहत कायम हेलकावे खात राहील.

मामांच्या या बोलण्यातील गाभण शब्दाचा खुलासा येथे करणे जरूर आहे. आपल्या घरातील मोठे तांबूस झुरळ, ज्याला अमेरिकन झुरळ म्हणतात, आपली अंडपेटी सुरक्षित फटीत टाकून निघून जाते. जर्मन झुरळाची मादी ती पेटी शेपटाशी धरून पिल्ले बाहेर पडण्याच्या सुमारापर्यंत वागवते. आणि डुबियाची मादी त्याही पुढे जाऊन, बाहेर काढलेली पेटी वळवून पुन्हा आपल्या उदरातील गर्भपिशवीत ओढून घेते. पुरेशी ऊब असेल तर साधारण दोन महिन्यांनी तिच्या पोटातून वीस ते चाळीस पांढरीशुभ्र, मऊ पिल्ले जिवंत बाहेर येतात, काही तासांत त्यांचा रंग गडद होतो, आणि पुढे चार ते सात महिन्यांत अनेकदा कात टाकून ती प्रौढ होतात. प्रौढपणीचे आयुष्य वर्षभराचे किंवा त्याहून अधिक असते. मातृत्वाची ही परंपरा झुरळांच्या कुळात आणखीही एक पायरी चढली आहे: पॅसिफिकच्या बेटांवरील डिप्लोप्टेरा नावाच्या झुरळाची मादी गर्भाशयातील पिल्लांना दुधासारखा पौष्टिक स्राव पाजते, आणि त्या स्रावातील प्रथिनांच्या स्फटिकांची रचना बंगळुरूच्या संशोधकांनी २०१६ साली उलगडून दाखवली. त्या झुरळाला एका वेळी जेमतेम डझनभर पिल्ले होतात. जेथे आईचा प्रत्येक पिल्लावरचा खर्च वाढतो तेथे पिल्लांची संख्या उतरते, हा निसर्गाचा हिशेब मला फार विचार करण्याजोगा वाटतो. आमच्या टबातील डुबिया या दोन टोकांच्या मधोमध उभी आहे.

सूनबाई : विलंब आहे हे मला मान्य आहे. पण विलंब कोणत्या उपायात नाही? तुमच्या रेशमातही पंचवीस-अठ्ठावीस दिवस थांबावे लागतेच.

मामा : थांबावे लागते, पण आमचा हिशेब उलट्या बाजूने सुरू होतो. आधी शेतावर जाऊन तुतीचा पाला किती आहे ते पाहायचे. त्या पाल्यावर किती अळ्या शेवटच्या अवस्थेपर्यंत पोसतील याचा अंदाज बांधायचा, कारण एकूण पाल्यातला चार पंचमांश त्या शेवटच्या आठवड्यातच खपतो. आणि मग तेवढेच अंडीपुंज मागवायचे. शंभर अंडीपुंजांतून चाळीस-पन्नास हजार अळ्या निघतात. पाला कमी पडला तर त्यांना समजावून सांगण्याची सोय नसते. ज्या शेतकऱ्याने लोभाने जास्त पुंज मागवले, त्याच्या संगोपनगृहात पाचव्या अवस्थेत उपासमार आणि पाठोपाठ रोग आलेला मी पाहिलेला आहे. तोंडे किती हे आधी ठरले पाहिजे. ऊब, ओल, पाला यांचा क्रम त्यानंतरचा.

सूनबाई : पण तुमचा किडा आणि माझा किडा यांत मूलभूत फरक आहे. रेशमाचा पतंग हजारो वर्षे माणसाच्या हाताखाली राहून उडणेसुद्धा विसरला. अंडी घालून तो मरतो, कोश उतरतात, ते ज्यांवर विणले गेले त्या चंद्रिका निघतात, घर निर्जंतुक होते आणि नवी पाटी सुरू होते. तुम्हाला दर पिकाला कोरा कागद मिळतो. माझ्या टबात एकाच वेळी आजी, आई, नात आणि आज सकाळी जन्मलेले पिल्लू एकत्र राहतात. येथे अंडीपुंज मागवण्याचा दिवसच नसतो; प्रत्येक दिवस प्रसूतीचा आणि प्रत्येक दिवस वसुलीचा. तुमचा शिरस्ता मी येथे कोठे लागू करू?

हा आक्षेप मला बिनतोड वाटला, आणि मामांनीही तो तसा मानला असावा, कारण त्या रात्री ते पुढे बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र ते कागद-पेन्सिल घेऊनच बसले.

मामा : काल तू म्हणालीस की येथे अंडीपुंज मागवण्याचा दिवस नसतो. खरे आहे, पण अंडीपुंजांच्या जागी तुझ्याकडे प्रौढ माद्या आहेत, आणि त्या मोजता येतात. एका मादीला सरासरी पंचवीस पिल्ले आणि दोन वेतांमध्ये पासष्ट दिवस धरले, तर वर्षाला साडेपाच वेते होतात. तीस माद्यांची वर्षाची पिल्ले बेचाळीसशेच्या घरात जातात, म्हणजे आठवड्याला ऐंशी. तुझे दोन्ही सरडे मिळून आठवड्याला पन्नास-साठ किड्यांपेक्षा अधिक खात नाहीत. मरतुक वजा जाता तीस माद्या तुला पुरून उरतात. आता तुझ्या टबात किती आहेत ते सांग.

सूनबाई : मोजलेल्या नाहीत. दीडशे तरी असतील.

मामा : म्हणजे गरजेच्या पाचपट. आता याच हिशेबाची दुसरी बाजू पाहा. तीस माद्या टिकवायच्या आणि मादी सुमारे वर्षभर प्रसवते असे धरायचे, तर वर्षाकाठी तीस नव्या माद्या आणि आठ-दहा नर एवढेच वारस तुला राखून ठेवावे लागतात. बेचाळीसशे पिल्लांत चाळीस वारस. बाकीची सगळी वसुली. तू आजवर या चाळिसांची निवड केलीच नाहीस. जे पिल्लू सरड्याच्या तोंडून वाचले ते आपोआप प्रौढ झाले, आणि प्रौढ झाले की त्याने आपले खाते उघडले. वंश वाढतो तो येथे. ही एक जागा धरलीस तर थर्मोस्टॅटला हात लावण्याचे कारण उरणार नाही. तो तीस अंशांवर कायम राहू दे.

सूनबाईंनी तो कागद बराच वेळ पाहिला. संख्याशास्त्रात मुरलेल्या माणसाला या गणितात नवे काही नव्हते. नवे होते ते एवढेच, की ते गणित या टबाला लावता येईल असे त्यांच्या मनाने आजवर स्वीकारले नव्हते. त्यांनी आधी त्यातील तांत्रिक बाजू तपासली.

सूनबाई : मग नर काढून टाकले तर? नराची ओळख सोपी आहे, त्याला पंख आहेत. जन्मतः नर-मादी निम्मे-निम्मे असतात, आणि तीन-चार माद्यांमागे एक नर पुरतो. जादा नर आधी सरड्याला घातले, आणि गरज पडली तर सगळेच काढले, म्हणजे प्रजोत्पादन बंद होईल, एकही आई मारावी लागणार नाही.

मामा : जादा नर काढ, ते रास्तच आहे, ते एकमेकांचे पंख कुरतडतात आणि माद्यांना स्वस्थता लाभू देत नाहीत. पण सगळे नर काढून वंश थांबेल या भरवशावर राहू नकोस. या कुळातील माद्यांच्या पोटात शुक्र साठवून ठेवण्याची पिशवी असते. एका मीलनावर पुढची कैक वेते निघू शकतात. शिवाय टबात जी उपवर पिल्ले आहेत त्यांतले निम्मे उद्याचे नर आहेत. आज काढलेस तर पुढच्या महिन्यात नवे उभे राहतील. आणि अमेरिकन झुरळाच्या बाबतीत तर जपानमधल्या होक्काइदो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिले आहे, की नराचे दर्शनही न झालेल्या माद्या एकत्र ठेवल्या असता त्या नरावाचून अंडपेट्या घालतात आणि त्यांतून माद्यांचीच वसाहत वर्षानुवर्षे चालते. डुबियाचे तसे आहे असे मी म्हणत नाही. पण झुरळांच्या कुळाशी व्यवहार करताना वंशवृद्धीची एक वाट बंद केली म्हणजे काम झाले, असे समजून चालू नये.

सूनबाई : आणि अन्न? प्रथिने कमी केली तर वाढ मंदावते, हे सर्वज्ञात आहे.

मामा : ते तू करणार नाहीस हे मला माहीत आहे, आणि करूही नयेस.

या एका मुद्द्यावर दोघांचे मतैक्य झाले, आणि त्यामागील शरीरशास्त्र सांगण्यासारखे आहे. झुरळाच्या मेदपिंडात ब्लाटाबॅक्टेरियम नावाचे सूक्ष्म जिवाणू राहतात. ते आईकडून अंड्यात आणि अंड्यातून पिल्लात वंशपरंपरेने येतात. किडा सुकाळात जादा नायट्रोजन यूरिक आम्लाच्या रूपाने मेदपिंडात साठवतो, आणि दुष्काळात हे जिवाणू टाकाऊ नायट्रोजनपासून पुन्हा उपयोगी अमिनो आम्ले घडवून देतात. ज्या प्राण्याजवळ दुष्काळासाठी स्वतःचे असे कोठार आहे, त्याला अर्धपोटी ठेवून त्याची संतती लवकर आटोक्यात येत नाही. कोठार संपेपर्यंत तो तग धरतो, आणि संपले म्हणजे नुकती कात टाकलेल्या, अजून पांढऱ्या आणि लुसलुशीत असलेल्या आपल्याच भावंडांवर तुटून पडतो. उलट, मांजरीच्या खाद्यासारखे प्रथिनांनी लादलेले अन्न सतत घातले तर त्या मेदपिंडात यूरिक आम्ल भरत जाते आणि तेच पुढे सरड्याच्या पोटात उतरते. किड्याला जे खाऊ घालावे ते शेवटी सरड्यालाच खाऊ घातलेले असते; म्हणून गाजर, संत्रे, हिरवा पाला, भरड धान्य आणि ताजे पाणी यांत काटकसर नको, आणि सरड्यापुढे ठेवण्यापूर्वी किड्यांवर कॅल्शियमची भुकटी भुरभुरावी, कारण कोणताही कीटक हाडे घडवण्याला लागणाऱ्या या द्रव्यात दरिद्रीच असतो.

सूनबाई : तर मग राहता राहिल्या दीडशेतल्या एकशेवीस माद्या. मामा, येथेच माझे अडते. सरडा त्या खातो, पण इतक्या मोठ्या मादीचे कवच जाड, आणि सरड्याच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठा किडा त्याला देऊ नये असा दंडक आहे. म्हणजे त्यांना फ्रीजरमध्ये घालायचे. त्या पोटुशी आहेत. त्यांचा जन्म माझ्या इच्छेने झाला, त्यांना ऊब मी दिली; आता गणित चुकले म्हणून त्यांचा निकाल लावायचा, यापेक्षा त्यांना थंडाव्यात सावकाश जगू देणे मला अधिक न्याय्य वाटते. तुम्ही कोशातील जिवंत किडा वाफेने मारण्यात हयात घालवलीत, म्हणून तुम्हाला हे सोपे वाटते.

हे शेवटचे वाक्य बोलून गेल्यावर त्यांना वाईट वाटले असावे. पण मामांनी ते रागाने घेतले नाही.

मामा : मला ते कधीच सोपे वाटले नाही, पोरी. म्हणूनच जेवढ्या कोशांना भाव आहे तेवढ्याच अळ्या जन्माला घालाव्यात, एकही अधिक नको, असा माझा आग्रह असे. पण तू ज्याला दया म्हणतेस तिच्याकडे नीट पाहा. चोवीस अंशांत डुबिया मरत नाही, हे खरे. पण जगतो कसा? कात टाकणे लांबते आणि अर्धवट राहते. पचन मंदावते, म्हणून घातलेले अन्न पडून कुजते, बुरशी येते, बुरशीमागून माइट येतात. तापमान वारंवार वरखाली झाले तर मादी गर्भपेटी मुदतीपूर्वीच बाहेर टाकून देते. तुझ्या टबाच्या तळाशी वाळलेल्या पिवळट पेट्या मी पाहिल्या. तुझ्या सौम्य उपायात जीव जात नाहीत असे नाही, बाई. ते असे जातात की त्यांचा दाखला कोठे राहत नाही.

सूनबाई यावर काही काळ गप्प बसल्या. त्या पेट्या त्यांनी वेळोवेळी वेचून टाकल्या होत्या. पण थर्मोस्टॅटच्या फेऱ्यांशी त्यांचा संबंध असू शकेल, हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. माझे मत विचाराल तर या एका मुद्द्यावर मामांची बाजू निर्विवाद वरचढ ठरली. त्यानंतर मामांनी जो मुद्दा काढला तो मात्र माझ्या स्वतःच्या श्वासाशी निगडित होता. झुरळांची विष्ठा आणि टाकलेली कात यांची धूळ दम्याला कारण होते, ही गोष्ट अमेरिकेतील मोठ्या शहरांच्या दाट वस्त्यांतील मुलांवरच्या, १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने वैद्यकात ठसठशीतपणे पुढे आणली. तो अभ्यास घरात घुसणाऱ्या झुरळांचा होता. परंतु झुरळे जवळून हाताळणाऱ्या माणसांनाही कालांतराने शिंका, पुरळ, धाप यांचा त्रास सुरू होऊ शकतो. वसाहत पाचपट म्हणजे ती धूळही पाचपट; आणि ज्या घरात लहान मूल आणि म्हातारा माणूस राहतो तेथे ही गोष्ट केवळ कीटकांपुरती उरत नाही.

पण सूनबाईंनी हार मानली असे नव्हे. त्यांचा पुढचा मुद्दा, माझ्या मते, सगळ्या वादातील सर्वांत खोल होता.

सूनबाई : तीस माद्यांचा आकडा तुमच्या सरासरीवर उभा आहे, आणि सरासरीवर विसंबणाऱ्याचे काय होते ते माझ्या विषयात मी रोज पाहते. तीस माद्या एकाच हंगामात प्रौढ झालेल्या असल्या तर त्या एकाच हंगामात म्हाताऱ्या होतील. टब तर भरलेला दिसेल, माद्या फिरताना दिसतील, आणि प्रसूती मात्र बंद पडलेली असेल. ते माझ्या लक्षात येईल तेव्हा मधल्या वयाचे कोणी शिल्लक नसेल. शिवाय एकदा थर्मोस्टॅट बिघडला, एकदा भाजीवर कीटकनाशक राहून गेले, की तीस माद्या एका रात्रीत संपतात. दीडशेतल्या काही तरी वाचतात. या किड्यांना गर्दी हवीही असते; जर्मन झुरळावरील प्रयोगांत एकेकट्या वाढवलेल्या पिल्लांपेक्षा समूहात वाढलेली पिल्ले लवकर प्रौढ झाली. तुम्ही ज्याला फाजील म्हणता, तो माझा जामीन आहे.

मामा : जामीन हवा, पण तो कोणत्या वयाचा हवा? दीडशे म्हाताऱ्या माद्या हा जामीन नव्हे. दर महिन्याला तीन-चार उपवर माद्या हाती येतील अशी तजवीज कर. पोटाखालचा शेवटचा पट्टा रुंद असतो, त्यावरून मादी प्रौढ होण्याआधीच ओळखता येते. त्या वेगळ्या काढून वारस म्हणून टबात सोड आणि तेवढ्याच जुन्या काढ. वसुली नेहमी मधल्या आकाराच्या पिल्लांची कर, आणि सगळी कधीच उचलू नकोस. घाई झाली की माणूस चाळणीवर राहिलेली सर्वांत मोठी पिल्ले उचलतो. पण तीच उद्याच्या माद्या असतात, आणि त्या चुकीची किंमत सहा महिन्यांनी कळते. वयाची साखळी अखंड राहिली तर चाळीस माद्या दीडशेंपेक्षा अधिक भक्कम आहेत.

सूनबाई : चाळीस म्हणालात. मघाशी तीस होत्या.

मामा : दहा तुझ्या जामिनाच्या.

सूनबाई : आणि दुसरा टब? कपाटाच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या थर्मोस्टॅटवर, वीस माद्यांचा. एकात माइट शिरले तर दुसरा वाचेल.

मामा : दुसऱ्या टबाला माझी संमती नाही. पाश्चरने १८६५ सालापासून दक्षिण फ्रान्सात रेशमाच्या पेब्रीन रोगावर काम केले आणि प्रत्येक आई-पतंग सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निरोगी मादीचीच अंडी राखण्याची पद्धत घालून दिली. रेशीमधंदा त्या तपासणीवर वाचला, साठा दुप्पट केल्याने वाचला नाही. एकाच माणसाचे हात, एकच चाळणी, एकच भाजी दोन्ही टबांना लागणार. माइट एकात शिरले की दुसऱ्यात तुझ्याच बोटांवरून जातील.

सूनबाई : हात धुता येतात आणि चाळण्या दोन ठेवता येतात. तुमच्याही अंडीपुंज केंद्रांत सगळा साठा एकाच खोलीत ठेवत नसत.

मामांनी याला उत्तर दिले नाही, आणि येथे माझा कौल सूनबाईंच्या बाजूने पडतो. एका जागी ठेवलेला जीवसाठा कितीही निगुतीने राखला तरी तो एका अपघाताच्या अंतरावर असतो. दोन ठिकाणी ठेवलेला साठा थोडा अधिक खर्च मागतो, पण काळजीचे ओझे निश्चित हलके करतो.

राहता राहिला शंभरावर माद्यांचा प्रश्न. त्यांना बाहेर बागेत सोडण्याची सूचना कोणी केली नाही, करूही नये. ओहायोच्या हिवाळ्यात डुबिया जगणार नाही, हे उत्तर पुरेसे नाही, कारण हे कीटक टपालाने उबदार राज्यांतही सर्रास जातात, आणि फ्लॉरिडात आणि कॅनडात डुबिया बाळगण्यालाच जी मनाई आहे ती याच भयापोटी आहे. हे भय पोकळ नाही. सरड्यांच्याच आहारासाठी पाळले जाणारे तुर्कस्तानी झुरळ १९७८ साली कॅलिफोर्नियातील एका लष्करी डेपोत प्रथम आढळले; आज ते अमेरिकेच्या नैऋत्य भागात घट्ट रुजले असून पुष्कळ ठिकाणी पौर्वात्य झुरळाची जागा त्याने बळकावली आहे, आणि त्याच्या प्रसाराला कीटकांच्या विक्रीचाही हातभार लागला आहे. ते झुरळ डुबियापेक्षा लवकर प्रौढ होते आणि अंडपेट्या बाहेर टाकते; म्हणजे ज्या विलंबाविषयी मामा तक्रार करीत होते, तोच विलंब डुबियाला बेफाम होऊ देत नाही. सावकाश प्रसवणारा आणि पिल्ले पोटात वागवणारा किडा पाळावा, हा वंशवृद्धीच्या बंदोबस्तातला पहिला निर्णय, आणि सूनबाईंनी तो फार पूर्वीच योग्य रीतीने घेतला होता.

शेवटी जे ठरले ते असे. थर्मोस्टॅट तीस अंशांवर स्थिर करायचा आणि आकडा पाहून तो हलवायचा नाही. जादा नर सरड्यांना. माद्यांपैकी ज्या तरुण आणि धडधाकट दिसतील त्या जवळपासच्या इतर सरडेपालकांना आणि कीटकांचे जिवंत प्रदर्शन ठेवणाऱ्या शाळांना, विचारून आणि त्यांची खातरजमा करून द्यायच्या. ज्यांचे पाय झडलेले, पंखांचे खुंट कुरतडलेले, त्या तेवढ्या फ्रीजरमध्ये. या शेवटच्या कलमाला सूनबाईंनी संमती दिली, पण ते काम मामांनी करू नये, आपणच करू, अशी अट घातली. ज्याने जन्माची व्यवस्था केली त्याने दुसऱ्याच्या हातून निकाल लावू नये, असे त्यांचे म्हणणे होते, आणि मामांनी ते तत्काळ मान्य केले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी माद्यांची मोजदाद करून नातवाच्या वहीत नोंद करायची, हे काम नातवाने आपण होऊन मागून घेतले. दुसऱ्या टबाबद्दल मात्र एकमत झाले नाही. मामा मार्चअखेर परत निघाले तोपर्यंत तो रिकामाच होता, आणि सूनबाई त्यासाठी दुसरी चाळणी विकत आणण्याच्या बेतात होत्या.